जनरेटरचा निरोप समारंभ

१५ एप्रिल, अमरावती
आज जनरेटर सेवानिवृत्त झाला. अकोल्याच्या जुन्या शहरात आपल्या संस्थेची गारखोली आहे, उन्हानं गळालेल्यांना दुपारी टेकायला, तिथला. वीज गेली की तिथला कूलर यावरच चाले. यंदा संस्थेनं जाहीर संकल्प सोडलाय : धूर कमी, डिझेल बंद, छतावर सौरपट्ट्या. मसुदा माझाच, संस्थेचं सगळं लिखाण माझ्याकडे. जन्मभर संस्कृत शिकवलेलं, समास जरा लांबले. निरोप समारंभाची कल्पना मात्र सचिव वानखडे साहेबांची. शाल, श्रीफळ, झेंडूचा हार. दोन वक्ते गहिवरले. सत्कारमूर्तीला वाचा नसल्यानं उत्तराचं भाषणही साहेबांनीच केलं. फोटो देणगीदारांना रवाना. यंत्र इथल्या गोदामात.
गारखोली सांभाळणाऱ्या प्रमिलाताईंनी मनापासून टाळ्या वाजवल्या. निवृत्त नर्स, जीभ अजून सेवेत. संकल्पाच्या बैठकीत त्याच म्हणाल्या होत्या, "ऊन वाढवाचं आपणच, अन् उन्हानं पडलेल्याले पाणी बी आपणच पाजाचं. हे कोणतं सेवाकार्य?"

२ मे
अकोला तापलंय. प्रमिलाताईंचा फोन. वीज नेमकी भर दुपारी जाते. सौर बॅटरीवर पंखे चालतात, कूलर नाही.
"शास्त्रीबुवा, पंखा गरम हवाच फिरवून राहिला. भट्टीचा भाता झाला नुसता."
मी : मोठी बॅटरी मंजूर आहे.
"मंजूर हाये तं येऊन काहून नाई राहिली?"
मंजुरीच्या पत्राची प्रत पाठवून दिली.

४ मे
वानखडे साहेबांकडे विषय काढला. "अहो, निरोप दिलेल्याला परत कामावर कसा घ्यायचा? हार घातलाय आपण त्याला!" म्हटलं, मुदतवाढ असते की. हसले नाहीत. देणगीदार मंडळी नऊ तारखेला गारखोली पाहायला येणार. त्यांना संकल्प पाळलेला दिसला तर बॅटरीचे पैसे सुटतील. तोवर गप्प. साहेब वाईट नाहीत, हीच अडचण.

६ मे, अकोला
बातमीपत्राचा मजकूर गोळा करायला आलो. दुपारी कमलबाईला चौघांनी उचलून आणलं. बाजारात रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसते. अंग तव्यासारखं, घाम नाही, काहीबाही बरळणं. वीज गेलेली. ओल्या चादरी, बर्फ, पुठ्ठ्यानं वारा. मीही घातला. पंखा वर फिरतोय, खाली माणूस भाजतंय. शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं. जिवंत आहे. आजच्यापुरतं एवढंच.
परतल्यावर प्रमिलाताईंनी ओल्या चादरी पिळायला घेतल्या.
"लिहा आता याच्यावर एखादा समास."
चेष्टेत म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

७ मे
पहाटेच अमरावती गाठली. बातमीपत्राचे गठ्ठे गोदामात असतात म्हणून एक किल्ली माझ्याकडे. कुणाला विचारलं नाही. जनरेटर कोपऱ्यात, शाल अजून अंगावर. मे महिन्यात. भाड्याच्या टेम्पोत घालून दुपारी अकोल्यात.
प्रमिलाताईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "आले परत? पेन्शन पुरलं नाई वाटते." मग वीज गेली आणि बोलणं संपलं. यंत्र धडधडलं, कूलर फिरला, माणसं पाय पसरून झोपली.
धूर बोळीत. समोरच्या घरातल्या चाची दम्याच्या. खोकून खोकून बेजार. प्रमिलाताई गेल्या, त्यांनाही हाताला धरून घेऊन आल्या. "धूर आपला, तं खाट बी आपलीच."
मसुद्यात हे कलम नव्हतं.

८ मे
साहेबांना कळलं. फोनवर ओरडले नाहीत, हळू बोलले. ते जास्त लागलं. "उद्या सकाळी टेम्पो पाठवतो. पाहुणे येण्याआधी ते तिथून हललं पाहिजे. संस्थेचा शब्द आहे तो. तुम्हीच लिहिलेला." खरं आहे. जनरेटर दिसला तर बॅटरी जाते. हलवला तर उद्याची दुपार…
प्रमिलाताईंना सांगितलं. पाहुणे आहेत तोवरच, म्हटलं.
"पावणे थांबतीन. ऊन थांबन का?"
कमलबाईला दवाखान्यातून सोडलं. घरावर टिनाचं छप्पर, म्हणून मुलांनी परत इथेच आणून निजवलं. डोळे उघडते, मिटते.

९ मे, गारखोलीचा उंबरा
टेम्पो दारात. प्रमिलाताई जनरेटरवर बसून गवार मोडताहेत.
ड्रायव्हर : "ताई, उठा ना बाप्पा. साहेब मले फाडून खातीन."
"तुले खाऊन त्यायचं पोट भरते का? त्यायलेच येऊ दे."
मी समजूत घालायला गेलो. बॅटरीचं सांगितलं, पुढच्या प्रत्येक उन्हाळ्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
"पावण्यायले मीच सांगीन. हाव, शब्द मोडला. धूर केला. ही बाई पाहा, अन् मंग बोला."
"आणि नाही म्हणाले तर?"
मोडलेलीच शेंग त्यांनी पुन्हा मोडली. त्यांनाही भीती वाटते, हे आज कळलं.
साहेबांचा फोन सारखा वाजतोय. उचललेला नाही. टेम्पो आडवा, म्हणून पाहुण्यांची गाडी बोळीत शिरत नाही. पाहुणे तोंडाशी उतरलेत. साहेबांची पांढरी टोपी पुढे, मागे छत्र्या.
कूलर थांबला. वीज गेली. आत कमलबाई कण्हली.
प्रमिलाताई उठल्या. टेम्पोवाल्याला वाटलं, त्याच्यासाठीच. त्याच्याकडे पाहिलंही नाही. जनरेटरची दोरी हातात घेऊन माझ्याकडे पाहताहेत.
"लिहिणं झालं का शास्त्रीबुवा? तुमी ओढता का मी ओढू?"