विमानाची वायरिंग तातडीने तोडण्याबाबत

दि. १४ मे २०२५

प्रति,
मा. कनिष्ठ अभियंता,
वीज शाखा कार्यालय, शेलटवाडी,
ता. मुरबाड, जि. ठाणे.

विषय : पाच घरांच्या पत्र्यात वीज उतरत असल्याने डीपीवरून पुरवठा आजच्या आज बंद करण्याबाबत.
संदर्भ : न्यूट्रल तुटल्याची तोंडी तक्रार, दि. २३ एप्रिल.

महोदय,

मी खाली सही करणार, योगिनी बारकू देसले, वय २०, कल्याणला विमान दुरुस्तीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते व सुट्टीत घरी, खैरपाड्यात आले आहे. कसूर माझी आहे हे आधीच लिहून देते, म्हणजे चौकशीत वेळ जाऊ नये.

१. दि. २२ एप्रिलच्या वाऱ्यात आमच्या पाड्याकडे येणारी, वीज परत नेणारी न्यूट्रलची तार तुटली व शेवटची पाच घरे अंधारात गेली. तक्रार दिली, तार अजून जोडलेली नाही.

२. मी घरी आले त्या दिवशी जेवताना कौतुकाने सांगितले, की विमानात दिव्याला एकच वायर जाते, वीज परत येते ती विमानाच्या धातूच्या अंगातून. माझे चुलते कान्हाकाका पाड्यातली वायरिंग करतात. त्यांनी हातातला घास तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचही घरांचे पत्रे तारेने एकमेकांना बांधले, परतीच्या सगळ्या वायरी पत्र्याला जोडल्या आणि पत्र्यापासून एक सळई अंगणातल्या खड्ड्यात गाडली. दिवे लागले. माझ्या नावाने नारळ फुटला. महोदय, तेव्हा मीही हसले.

३. विमानात ती वीज अठ्ठावीस व्होल्टची, आपल्याकडे दोनशे तीस. हे मी सर्वांना रडून सांगितले. त्यावर काका म्हणाले, "अगो, इमान हवेत उडतं त्याच्यावर, आपलं घर तर जमिनीवर हाय. घाबरतेस कशाला?" मी पुढे बोलत होते, पण ऐकायला कोणी थांबले नाही.

४. सळईभोवतीची माती सुकली की विजेची परतीची वाट अडते, पंखे मंदावतात आणि वीज पत्र्यातच तुंबते. म्हणून पाड्यात मीठ-पाणी ओतायच्या पाळ्या लागल्या आहेत. प्यायला टँकरची वाट बघतो, त्यातला हंडा त्या खड्ड्याला जातो. पंखा मंदावला की जिची पाळी ती बाई अनवाणी, ओल्या हातांनी पळत सुटते, आणि नेमके त्याच वेळी त्या सळईला हात लावणे म्हणजे मरण. मी मीटर लावून पत्रा तपासला. सोमवारी चाळीस व्होल्ट, मंगळवारी एकशे दहा, आज सकाळी एकशे अडुसष्ट. काल ताराबाईंची शेळी पत्र्याच्या कुडाला घासली आणि जागीच गेली. शेळी म्हातारी झाली होती, असे पाड्यात ठरले.

५. मी एकदा वायर काढली होती. शेजारच्या सोनालीवहिनी आठ दिवसांच्या बाळंतीण. पंखा बंद पडला, बाळ रडून लालबुंद झाले, तशा साऱ्या बायका माझ्यावर धावून आल्या. काकांनी वायर परत जोडली व शिडी कुलपात ठेवली. आपल्या कार्यालयाचा फोन कालपासून कोणी उचलत नाही. आता मला दुसरा इलाज राहिलेला नाही.

तरी कृपा करून आधी डीपीवरून पुरवठा तोडावा, मगच न्यूट्रल जोडावी. गुन्हा दाखल करायचा झाल्यास माझ्यावर करावा. काकांनी फक्त माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवला.

६. आज पाळी माझ्या आईची आहे. तिला हात जोडले, पाया पडले, ती म्हणते, "सगळ्या ओततात, मीच काय मोठी लागून गेले?" म्हणून हा अर्ज तिच्याच हाती पाठवत आहे. तिला वाचता येत नाही. नव्या मीटरचा अर्ज आहे, असे मी तिला सांगितले आहे. तिच्या जागी पाणी मी ओतीन. माझ्याकडे कॉलेजचे रबरी बूट आहेत, त्यातला डावा फाटका आहे. मला फार भीती वाटते.

आमचा पुरवठा बंद होईपर्यंत तिला पोच देऊ नये. शिक्का सापडत नाही, साहेब जेवायला गेलेत, काय हवे ते सांगावे, पण तिला बाकावर बसवून ठेवावे. ती "घरी कामं पडलीत" म्हणून उठेल. उठू देऊ नये.

आपली भेदरलेली अर्जदार,
(सही)
योगिनी बारकू देसले
खैरपाडा, ता. मुरबाड

सोबत :
१) मीटरवरील आकड्यांचा कागद
२) माझी आई, सावळी बारकू देसले