ब्लुमाची सवय

तार्नूव, शनिवार

प्रिय यादविगा,

आज शनिवार आहे आणि मी स्वतःच्या हातानं लिहितेय. चष्मा पूस आणि पुन्हा बघ, अक्षर माझंच आहे. शाळेत शनिवारी आम्ही ज्यू मुली वर्गात बसायचो, पण त्या दिवशी लेखणी उचलायची नाही हा आमचा धर्म, म्हणून माझ्या वहीतलं शनिवारचं पान तू लिहायचीस. एकदा त्यात लॅटिनच्या बाईंचं नाक काढून ठेवलंस, आणि वही तपासायला गेली तेव्हा कान माझा पिळला गेला. तू मान खाली घालून हसत होतीस. अजून माफ केलेलं नाही, बरं का.

आज तुझ्याकडे काही मागायचंय, ते ब्लुमासाठी. तू पाहिलीस तेव्हा माझी ही बहीण पाळण्यात होती. आता चार वर्षांची आहे. जूनमध्ये जर्मन आईला घेऊन गेले, तेव्हापासून माझ्याच कुशीत झोपते. आम्हाला कोंडलंय त्या या वस्तीत मी दिवसभर त्यांच्या सैनिकांच्या कोटांना बटणं लावते आणि ती टेबलाखाली बसते. तोंडाची टकळी कधी थांबत नसे, पण आता गप्प राहायला शिकलीय. पुन्हा गाड्या येणार म्हणतात, आणि या वेळी मुलांना नेणार आहेत.

महिनाभर मी तिला तुमची प्रार्थना शिकवतेय, छातीवर क्रूस काढायलाही. कोणी विचारलं तर नाव मारिसिया, आई आजारी, गाव लांबचं. काल परीक्षा घेतली, एक शब्द चुकला नाही. शाबासकी दिली, तर पोरगी आनंदानं दाराशी धावली, टाचा उंचावून चौकटीला हात लावला आणि स्वतःच्या बोटांचा मुका घेतला. आमच्यात दारातून जाता-येता असंच करतात, चौकटीवर देवाच्या वचनांची डबी असते म्हणून. इथल्या चौकटीवर तर डबीही नाही. मी तिच्या हातावर चापट मारली. ती रडली नाही. म्हणाली, "मारिसियानं नाही केलं गं, ब्लुमानं केलं." मग मीच रडले.

सोमवारी सकाळी कोळशाचा गाडीवाला तिला रिकाम्या पोत्यांखाली लपवून तुझ्या मागच्या दाराशी आणेल. हे पत्रही त्याच्याच हाती. पकडली गेलीस तर तुलाही सोडणार नाहीत, हे ठाऊक असून मागतेय, यादविगा. तिला ठेवून घे. चौकटीला हात लावला तर मार, माझ्यासारखी हळू मारू नकोस. मला विसरली तर विसरू दे. पत्र जाळून टाक. तू हे वाचतेयस तेव्हा ती उंबऱ्याबाहेर दोन्ही हात खिशात घालून उभी असेल, मीच तसं बजावलंय. तिला आत घे.

अजूनही तुझीच,
फ्रूमा