चार गिटारी आणि आईचा पलंग

३ मार्च, रविवार
निर्णय पक्का. गिटारी विकायच्या. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. सध्या ती ताईकडे आहे, पण या महिन्यातच कायमची माझ्याकडे राहायला येणार. मागची खोली तिला द्यायची आणि त्या खोलीत माझ्या चार जुन्या गिटारी. बायकोने विचारलं, तू विकणार? आणि हसली. तिला माझ्या मनोनिग्रहाची कल्पना नाही.

५ मार्च
कोणती काढावी?
टेलिकास्टर नाही. दिसायला सरळसोट फळी, पण तारांची थरथर टिपणाऱ्या मागच्या पिकअपवर आवाज असा खणखणीत की शेजारी खिडकी लावून घेतात.
स्ट्रॅटोकास्टर नाही. स्विच दोन पिकअपच्या मध्ये ठेवला की घंटेसारखी किणकिणते. हे तिलाच जमतं.
बारा तारांची तर नाहीच. एकटीच दोघींचं काम करते.
उरली लेस पॉल. उचलताना खांदा निखळतो. मात्र एक सूर छेडून चहा टाकायला जावं, परत येईपर्यंत सूर चालूच. तरीही हीच जाणार. मन घट्ट केलंय.

९ मार्च, शनिवार
लेस पॉल बघायला बँकेतला एक गृहस्थ आला. लपवाछपवी मला जमत नाही. आधीच्या मालकाने पाडली होती, मान चिकटवलेली आहे, पिकअप मूळचे नाहीत, सगळं सविस्तर सांगितलं. तासाभराने तो चप्पल घालून निघून गेला. बायको म्हणते, मी पळवून लावला. मी त्याचं ज्ञान वाढवलं!

१६ मार्च
लेस पॉल गेली! जुन्या गिटारीवाल्या दुकानदाराने ठेवून घेतली. बदल्यात दोन दिल्या. एक पोकळ पोटाची, आवाज वाढवणाऱ्या अँपशिवायही गोड बोलते. दुसरीचा पिकअप चक्क लिपस्टिकच्या नळीत बसवलेला. असलं काही समोर आल्यावर नाही कसं म्हणणार?
म्हणजे आता एकूण पाच. बायको पुन्हा हसली. चांगलं लक्षण आहे.
ताईचा फोन. खोली झाली का? म्हटलं, होतच आली.

१९ मार्च
सुचलं! विकायचंच कशाला? पलंग उंच केला की गिटारींच्या सगळ्या पेट्या, म्हणजे केस, खाली आडव्या जातील. दोन थर. पोकळ पोटाच्या गिटारीची केस जाड आहे, तिच्यासाठी उंची चार बोटं वाढवली. सुताराने विचारलं, झोपणार कोण? म्हटलं, तुम्ही केसचं माप घ्या. शिवाय पलंग फार खाली नको असं डॉक्टरांनीच सांगितलंय.

२३ मार्च
पलंग आला. पाचही केस आत! खोली लख्ख. बायको दारात उभी राहून पलंगाकडे बघत होती. मग म्हणाली, आईंचा वॉकर? म्हटलं, तो कोपऱ्यात मावतो.

२४ मार्च, रविवार
आई आली. मी आणि ताईने दोन्हीकडून धरून तिला पलंगावर बसवलं. पाय अधांतरी. ती अंगठ्याने जमीन शोधत होती. मी स्टूल सरकवलं, ते घसरलं. ताईने आईला धरलं म्हणून बरं.
आई म्हणाली, पलंग छान आहे हो. मी म्हटलं, उद्याच सुताराला बोलावून पलंगाचे पाय कापून घेतो.
ताईने विचारलं, मग गिटारी कुठे जातील?
साधा प्रश्न. मी मनातल्या मनात एकेक काढून बघू लागलो. टेलिकास्टर... नाही, बारा तारांची... तेवढ्यात आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं.
मग ती ताईला म्हणाली, तुझ्याकडे बाथरूम जवळ पडतं गं, मी तिथेच राहते. रागावली नव्हती. रागावली असती तर मला भांडता तरी आलं असतं.
तिला पुन्हा धरून खाली उतरवलं. तिची बॅग मीच गाडीत नेऊन ठेवली. खूप जड होती. सगळं सामान घेऊन आली होती.