थॅडियसदादाचा खर्ज

थॅडियसदादा,

तुझ्यासमोर बोलायचा धीर होत नाही, म्हणून लिहितोय. पाठवेन असं वाटत नाही.

ईस्टरआधी डॉक्टरांचा फोन मीच घेतला होता. "भावाला म्हणावं, गाणं आजच थांबव. घशातली गाठ वाईट आहे. सोमवारी ये." मी हो म्हटलं आणि तुला काहीच सांगितलं नाही. रविवारी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये आपल्या चौघांच्या गायक-चमूचं गाणं होतं, आणि लोक यायचे ते फक्त तुझ्या खर्जासाठी.

त्या दिवशी तू इतका खाली उतरलास की बाकं थरथरली. पहिल्या बाकावरची चर्चमधली म्हातारी सिस्टर अर्लीन उभी राहून ओरडली, "अजून खाली जा, लेकरा! देव तिथंच बसलाय!" तू हसलास आणि आणखी खाली गेलास.

पुढे अजून तीन कार्यक्रम झाले. मी गप्पच राहिलो. मग तू रक्त थुंकलास, आणि ऑपरेशनमध्ये आवाज गेला.

काल तू पाटीवर लिहिलंस, "आधी कळलं नाही तेच बरं. बर्मिंगहॅम हुकलं असतं." वर माझाच हात थोपटलास.

दादा, मी नुसती मान हलवली.

तुझा,
वेन्डल