आडातल्या मरीआईचे बिऱ्हाड

कोल्हापूर,
आषाढ शुद्ध पंचमी, शके १८७४

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी मेहुणा जोतीराम याचा साष्टांग नमस्कार. अंबाबाईच्या कृपेने इकडे सर्व ठीक. आमच्या आक्काचा गुडघा कसा आहे? उचगावची पाटीलकी आणि तुमचा दमा, दोन्ही बेताने चालवावे.

आमच्या साप्ताहिकात मी पटकीच्या साथीचा शोध लिहिला, तो तुमच्याकडे आला असेलच. (आक्काने त्यात पापड गुंडाळले असल्यास उलगडून वाचावा.) कोण आजारी, कोण कुठले पाणी पितो, हे चार आठवडे घरोघर फिरून टिपले. सगळा माग वेशीजवळच्या आडाशी येऊन थांबला. गोठ्याचे गटार त्यातच झिरपत होते. पण संपादक तवनाप्पा म्हणाले, "जोतीराम, गटार वाचून कोण दचकतंय? जरा अलंकार घाला की!" मी देवभोळा माणूस, दुसरा अलंकार कुठून आणू? पटकी आणणारी देवी ती मरीआई, म्हणून लिहिले, ‘या आडात मरीआईने बिऱ्हाड केले आहे.’

दुसऱ्या दिवसापासून आडावर चिटपाखरू नाही. पटकी थांबली. मी देवीचे आभार मानले (थोडे स्वतःचेही). म्युनिसिपालिटीने गटार वळवले, आड उपसून औषध टाकले, डॉक्टरांनी पाणी शुद्ध ठरवले. तेही मी ठळक टायपात छापले. पण आता आडावर फक्त हळदकुंकू आणि दहीभात. पाणी बायका आणतात आषाढातल्या गढूळ पंचगंगेचे! अशाने पटकी परत यायची. म्हणून सर्वांसमोर मी आडाचे तांब्याभर पाणी प्यालो, तर शेजारच्या बयाबाई म्हणाल्या, "त्यास्नी काय व्हतंय? देवीचा पत्ता त्यास्नीच ठावं हाय!" घरी हिला समजावले, की ते नुसते रूपक होते. "मग छापताना सांगाय नको हुतं?" म्हणून तिने कळशी माझ्याच खांद्यावर दिली. रूपक जपून वापरावे, हे ज्ञान मला खांद्याकडून झाले.

थोरांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. पाणी उकळून प्यावे.

आपला,
जोतीराम

ता. क. – देवीला गाड्यात बसवून शिवेपार पोचवल्याशिवाय आडाचे पाणी भरायचे नाही, असे पंचांनी ठरवले आहे. गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायचा, ही रीत तुम्ही जाणताच. आमच्या पुढचे गाव उचगाव. येत्या मंगळवारी तुमची माणसे काठ्या घेऊन शिवेवर उभी राहू नयेत, एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. – काळजी नसावी. गाडा रिकामाच असेल, हे मी पुरा तपास करून सांगतो. तरी आक्काला नारळ घेऊन शिवेवर यायला सांगावे. मीही गाडा अनवाणीच ओढणार आहे.