उद्या नक्की हॉर्न

४ मार्च, संध्याकाळ.
ठक, ठक, ठक. चिलोए बेटावरच्या शाळेत फिलोमेनाबाई बाकावर पट्टी आपटून कवितेची लय शिकवायच्या. तो आवाज आज दिवसभर कानात. लाटांनाही तीच लय आहे. मानसियाला तसं म्हणालो. तो म्हणाला, कप्तान, लय कसली, पुढची खिडकी उघडी राहिलीय.
मानसिया माझा मदतनीस. माणूस चांगला, पण कवितेचं अंग नाही.
केप हॉर्नच्या अलीकडच्या एका बेटाच्या खाडीत नांगर टाकला. इथल्या रिवाजाप्रमाणे किनाऱ्यावरच्या झाडांना चार दोर. सान्तियागोच्या फिल्मवाल्यांना दक्षिण अमेरिकेच्या तळाचं हॉर्नचं टोक दाखवलं, की बंदरातले साहेब माझा परवाना वाढवणार. नाही दाखवलं तर सुकाणू मानसियाकडे आणि मी घरी बटाटे सोलायला.
उद्या नक्की.

५ मार्च.
वारा वाढला. आणखी दोन दोर. सावधपणा हा कप्तानाचा अलंकार.

६ मार्च.
सकाळी समुद्र आरशासारखा. इथली उघडीप घटकाभराची, म्हणून ताबडतोब निघायचं ठरवलं. होडीतून किनाऱ्यावर गेलो. गाठी ओल्या, बोटं म्हातारी. शेवटचा दोर सुटला आणि वाराही सुटला. सगळे परत बांधले. वर दोन नवे.
दिग्दर्शिका हासिंताबाई म्हणाल्या, कप्तानसाहेब, दोर जरा कमी बांधले तर? म्हटलं, बाई, हा समुद्र आहे, तुमचा स्टुडिओ नव्हे. कॅमेरामनने माझीच बाजू घेतली असती, पण त्याचं तोंड बादलीत होतं.

८ मार्च.
पुन्हा उघडीप. पुन्हा गाठी. या वेळी साउंडवालाही मदतीला. त्याने चुकीचा दोर आधी सोडला, बोट खडकाकडे वळली. आता एकूण अकरा दोर. मानसिया म्हणतो, कप्तान, सुरी देऊ का? दोर कापायला निघालेल्या माणसाला कविता काय कळणार!
संध्याकाळी वायरलेसवर नौदलाला कळवलं: सर्व ठीक, उद्या हॉर्न. पलीकडची पोरगी म्हणाली, कप्तान, कालचाच कागद वाचताय का?
संकल्प: उद्यापासून गाठींना रोज तेल.

९ मार्च.
तेल संपलं. मानसियाने त्यात पुऱ्या तळल्या.
हासिंताबाईंनी कॅमेऱ्यासमोर कविता म्हणायला बसवलं. दुसऱ्या कडव्यावर अडलो. त्यांनी कॅमेरा बंद केला आणि हळूच विचारलं, आपण खरंच जाणार आहोत ना? म्हटलं, अशा वाऱ्यात या पाण्यातून माणूस येऊ-जाऊ शकत नाही.

१० मार्च, दुपार.
वारा तोच. उद्या परत फिरलंच पाहिजे, धान्य संपलं. सगळे सूप पीत बसलो होतो. केबिनच्या दारावर थाप पडली. आम्ही एकमेकांची तोंडं मोजली. सगळे आतच.
दार उघडलं. चिंब भिजलेली, बुटकी, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी एक बाई. हातात जिवंत खेकडा. म्हणाली, मी क्लोरिंदा, पोराच्या मासेमारीच्या बोटीवर असते. सकाळीच हॉर्नला वळसा घालून आलो. खेकडा घ्या, थोडी वाइन द्या.
हासिंताबाई कॅमेरा उचलून उभ्याच राहिल्या. आम्हाला न्याल का तिकडे, आजी?
म्हातारीने मागे वळून किनाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, नेते की. पण पोरा, एवढे दोर कशाला बांधलेस? बेट पळून जाईल म्हणून?