पाठीतली सुई

मुन्शी घाट, वाराणसी
२ डिसेंबर १९९७

ती. मैत्रेयीताईस,
नंदाचा सा. न. वि. वि.

आठवा महिना सरत आला. बाळ पोटात आडवं आहे, सिझेरियनच करावं लागेल असं जोग डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यासाठी रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही निघाला. ह्यांचंही तपासलं, तेच. रेल्वेने ह्यांना तीन वर्षं धनबादला एकटं ठेवलं होतं, एवढंच लिहिते. आठ दिवस हे बोललेले नाहीत. संध्याकाळी माझे पाय मात्र चेपून देतात. सासूबाईंना रक्त कमी आहे म्हणून सांगितलंय.

जोगबाई ऑपरेशनला तयार आहेत, पण तिथले बेहोशीवाले डॉक्टर नाही म्हणतात. पूर्ण बेहोश करायचं तर तोंडात नळी घालावी लागते, तिथे ते हात लावणार नाहीत. आणि पाठीत सुई दिली तर रोग सरळ मेंदूत चढेल, म्हणाले. ताई, तू नागपुरात रोज भूलच देतेस. सुईचं खरं आहे का, तेवढं लिही. रागवायचं ते नंतर रागव.

माया राहू दे.
नंदा

नागपूर
८ डिसेंबर १९९७

चि. सौ. नंदास,
अनेक आशीर्वाद.

सुईचं खरं नाही. हा विषाणू बहुतेकांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात आपला आपणच पोचलेला असतो. सुईने त्यात भर पडल्याचं आजवर दिसलेलं नाही. तुला पाठीतलीच भूल चांगली. फुप्फुसांना त्रास नाही, बाळाला गुंगी नाही. त्या डॉक्टरांसाठी इंग्रजी चिठ्ठी आणि दोन लेखांच्या झेरॉक्स सोबत आहेत. दुहेरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि सुईला परत टोपण लावायचं नाही, एवढंच पथ्य.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते लिहिते. गेल्या श्रावणात भंडाऱ्याकडची एक बाई अशीच आली होती. मी तिच्या कागदावर ‘भूल देण्यास अयोग्य’ लिहून तिला दुसरीकडे पाठवलं. मला तेव्हाही हे सगळं माहीत होतं. भीती वाटली, दुसरं कारण नव्हतं. पुढे तिचं काय झालं हे मी विचारलं नाही.

तुझ्या डॉक्टरांनी ऐकलं नाही तर मी स्वतः येते. जेवत जा.

तुझी,
ताई

वाराणसी
१५ डिसेंबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. म्हणाले, बहीण एवढी जाणती आहे तर तिनेच येऊन द्यावी. जोगबाईंनी तोच शब्द धरून सव्वीस तारीख ठरवली. चोवीसला दुपारपर्यंत ये. हातमोजे तूच आण.

त्या बाईचं वाचून राग आला नाही असं लिहिणार नाही. दोन दिवस पत्र बाजूला ठेवलं होतं. लहानपणी लस टोचणारे आले की तू मला पुढे करून पलंगाखाली लपायचीस, ते आठवलं आणि हसूही आलं. काल हे बोलले. ताईंची गाडी कितीला येते, विचारत होते.

वाट बघते.
नंदा

वाराणसी
११ जानेवारी १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू येण्याआधीचं तुला कोणी नीट सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. चोवीसला सकाळीच पाणी गेलं. भर्ती झाल्यावर बेहोशीवाले डॉक्टर दारातूनच म्हणाले, दुपारी बहीण येतेच आहे, तोवर थांबू. हे स्टेशनवर बसून होते आणि तुझी गाडी धुक्यात अडकली होती. चारच्या सुमारास बाळाच्या आधी नाळच खाली उतरली, बाळ गुदमरायला लागलं. जोगबाई त्यांना हात जोडायला गेल्या, तर ते घरी निघून गेले होते. पाचनंतर पोटातलं हलणं थांबलं. बाई नळी लावून पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या आणि मग माझ्याकडे न बघता त्यांनी चादर नीट केली.

सकाळी तू आलीस तेव्हा त्यांनी तुला बाहेर नेऊन सांगितलं. मला कळू नये म्हणून तू हसत आत आलीस. मला आदल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं.

तू विचारतेस, पूर्ण बेशुद्ध केलं असतं तर बरं झालं असतं का. नाही. तू पाठीतच सुई दिलीस, जागी होते म्हणून मुलगी मला दिसली. कोणी हात लावेना, तेव्हा तू तिला पुसून माझ्या गालाशी धरलंस. ती ऊन होती. माझ्याच अंगाची ऊब असेल, पण होती.

ह्यांनी तिला नावेतून धारेत नेऊन सोडलं. मल्लाहाला आजाराचं काही सांगितलं नाही. सासूबाईंना आता सगळं कळलंय, माझं ताट वेगळं झालंय.

ताई, अंगावर दूध येतं. सोळा-सतरा दिवस झाले, थांबत नाही. ते थांबायची गोळी कुठली, तेवढं लिही. इथे विचारायचं तर त्याच दारातून आत जावं लागतं.

उत्तर लवकर टाक.
तुझीच,
नंदा